मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला एलएलबी झेपेल का?

“माझे इंग्रजी कच्चे आहे, मला एलएलबी झेपेल का?” हा प्रश्न पहिल्या सत्राचा निकाल लागला की दरवर्षी माझ्याकडे येतो. विचारणारी मुले बहुधा मराठी माध्यमातून पदवी घेऊन तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेली असतात. त्यांतील एका मुलीचा अनुभव तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

तिने मराठी विषयात बी.ए. केले होते. घरी कोरडवाहू शेती. वकिलीच्या शिक्षणासाठी गावाबाहेर पडलेली ती घरातली पहिलीच. सीईटीत चांगले गुण मिळवून तिने शहरात प्रवेश घेतला, पण पहिल्या सत्रात संविदा (म्हणजे करार) कायद्याचा विषय राहिला आणि त्यानंतर तिने तासांना बसणे हळूहळू सोडून दिले. वडिलांना तिने निकाल सांगितलेला नव्हता. “मॅडम, माझ्यामुळे एक सीट वाया गेली,” हे वाक्य तासाभरात तिच्या तोंडून तीनदा आले.

मी आधी हजेरीची चौकशी केली. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत प्रत्येक विषयासाठी 70 टक्के हजेरीची अट आहे, त्यामुळे राहिलेल्या विषयाच्या दुःखात तास बुडवले की चालू सत्रही हातचे जाऊ लागते. दुसऱ्या दिवसापासून वर्गात बसायचे, समजो वा न समजो, एवढेच त्या दिवशी ठरले.

पुढच्या भेटीला तिने 1872 च्या संविदा अधिनियमाचा बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याच्या मूळ इंग्रजी मजकुराचे पुस्तक, आणला. जवळजवळ प्रत्येक ओळीवर बारीक पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले होते. इतके कष्ट घेणाऱ्या मुलीला आळशी कोण म्हणेल? कलम 25 मध्ये ‘कन्सिडरेशन’ या शब्दावर ‘विचार’ असे लिहिलेले दिसले. कलमाचा अर्थ विचारला तेव्हा ती म्हणाली, “विचार न करता केलेला करार रद्द ठरतो.” साध्या शब्दकोशातला तिचा अर्थ चूक नव्हता, पण कायद्यात त्या शब्दाचा अर्थ प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात केलेली किंवा दिलेली गोष्ट. हा अर्थ इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही नव्यानेच शिकावा लागतो, हे ऐकून ती प्रथमच सरळ बसली.

मग आम्ही कलम 2 मधील प्रतिफलाची लांबलचक व्याख्या तुकड्यातुकड्याने वाचली: कोणाच्या इच्छेवरून, कोणी, काय केले. मी विचारले, “तुझ्या वडिलांनी शेजाऱ्याला ट्रॅक्टरने रान नांगरायला सांगितले आणि पैसे द्यायचे कबूल केले, तर त्यांच्या वचनाचे प्रतिफल कोणते?” ती लगेच म्हणाली, “नांगरट.” त्यानंतर 1880 चा दुर्गा प्रसाद विरुद्ध बलदेव हा निवाडा घेतला. त्यात वादीने कलेक्टरच्या सांगण्यावरून बाजार बांधला होता आणि तेथील व्यापाऱ्यांनी त्याला दलाली द्यायचे कबूल केले होते. दावा का फेटाळला गेला, हे तिने स्वतःच सांगितले: “बाजार व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून बांधलाच नव्हता.”

इंग्रजीवाचून वकिलीत काहीच अडत नाही, असा दिलासा मी देत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 मुळे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांची भाषा मुख्यतः इंग्रजी आहे, आणि निवाडे वाचायचे तर ती यावीच लागते. मात्र महाराष्ट्रात 1998 पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा, काही अपवाद सोडता, मराठी आहे, आणि तेथे साक्षीदाराची बोली नेमकी समजणे ही मोठी जमेची बाजू असते. तिला मी शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आणि अधिनियमांच्या द्विभाषी आवृत्त्या ग्रंथालयात शोधायला सांगितले. मराठीतून उत्तरपत्रिका लिहिण्याची मुभा आहे का, हेही विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यायला सांगितले. मैत्रिणींच्या ऐकीव माहितीवर असा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत अवघड काम वडिलांना फोन करण्याचे होते. तो तिने माझ्यासमोर बसून केला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग त्यांनी विचारले, “परत पेपर कधी हाय?” तिने तारीख सांगितली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ रडली.

पुढच्या परीक्षेत तो विषय सुटला, गुण काठावरचेच मिळाले. मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या नकली न्यायालयात, इंग्रजीतून बोलण्याची भीती अजून गेलेली नाही. त्यासाठी ती महिन्यातून एकदा येते.