हप्त्यावर टॅब घेण्याआधी

बेलापूर, नवी मुंबई

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. वर्गात बहुतेकांकडे चित्र काढायचा टॅब आहे, घरी मागायची सोय नाही, मग हप्त्यावर घेऊ का, असं तू विचारलंस. यंदा घेऊ नकोस. उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षी जे हातात बसवायचं असतं, त्यातलं फारच थोडं टॅबवाचून अडतं. हप्ता मात्र दर महिन्याला मिळेल त्या कामाला हो म्हणायला लावतो. शिकायच्या वयात असं राबून हाताची गोडी गेलेली मुलं मी पाहिली आहेत, तुझं तसं होऊ नये.

त्याच मेसेजमधलं दुसरं वाक्य मला जास्त लागलं. काही सुचत नाही, कारण कोपरखैरण्यात बघण्यासारखं काही नाही, असं तू लिहिलंस. सोबत फोनवर जमवलेली चित्रंही पाठवलीस. चित्रं देखणी आहेत. पण ती कुणीतरी आधीच निवडलेली, कापलेली, रंग उजळलेली आहेत. त्यांच्याकडे बघून तू जे काढशील ते त्यांच्याच जातीचं होणार. वस्तू जिथे घडते तिथे जाऊन बघणं वेगळं, आणि त्याला फक्त लोकलचं तिकीट लागतं.

फ्लेमिंगोचंच घे. आपल्या शहरात भिंतींवर, पुलांखाली फ्लेमिंगो रंगवलेले आहेत आणि बहुतेक सगळे एकाच गुलाबी रंगाचे. थंडी पडली की भरती-ओहोटीची वेळ बघून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीकडे जा आणि काठावर बस. मोठा रोहित, म्हणजे मोठ्या जातीचा फ्लेमिंगो, लांबून जवळजवळ पांढरा दिसतो. पंख उघडले की मग आतला गुलाबी आणि कडेची काळी पिसं दिसतात. लहान वयाचे पक्षी चक्क राखाडी असतात, कारण तो गुलाबी रंग शेवाळातून आणि बारीक जलजीवांमधून, म्हणजे खाण्यातून हळूहळू अंगात उतरतो. चिखलाचा रंग तर दर तासाला बदलतो. तिथे पक्षी काढू नकोस, फक्त रंगांच्या पट्ट्या काढ. लाल, पिवळा, निळा, काळा आणि पांढरा एवढेच पोस्टर कलर ने आणि समोर दिसणारा प्रत्येक रंग मिसळून जुळव. चिखलाचे राखाडी जुळवताना तुला घाम फुटेल. पण त्या पट्ट्यांमधून जी रंगसंगती हाती लागेल, ती कुठल्याच तयार संग्रहात सापडणार नाही.

आंब्याच्या दिवसांत एपीएमसीच्या फळबाजारात सकाळी लवकर जा. गर्दीत हमालांच्या वाटेत उभी राहू नकोस, त्यांच्या डोक्यावर ओझं असतं. पेट्यांवरची अक्षरं बघ. छापा, म्हणजे अक्षरं कापलेला पत्रा, ठेवून रंग मारलेलं एखादं नाव सापडलं, तर तिथेच थांबून काढून घे. छाप्यातल्या व किंवा ब चं पोट अधांतरी राहू शकत नाही. त्याला बाजूच्या पत्र्याशी जोडणारी पट्टी ठेवावीच लागते, नाहीतर तो तुकडा गळून पडतो. त्या पट्टीमुळे रंगात फट पडते आणि अक्षराला वेगळाच डौल येतो. शिरोरेषा सलग कापली तर छापा लिबलिबीत होतो, म्हणून तीही तोडावी लागते. घरात जुना एक्स-रे पडला असेल तर त्याची फिल्म घे, कटर घे आणि स्वतःचं नाव कापून बघ. देवनागरीच्या रचनेबद्दल या एका खटाटोपातून जे कळतं, ते नुसत्या तक्त्यांवरून कळायला फार वेळ लागतो.

आता मी राहते त्या बाजूला ये. स्टेशनवरून आर्टिस्ट व्हिलेज फार लांब नाही. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ही वसाहत 1983 ते 1986 या काळात केली. साडेपाच हेक्टरच्या आसपास जागा, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, आणि त्यातली बरीचशी बेताच्या कमाईची. लिफ्टच्या उंच इमारती उभ्या करायच्या नव्हत्या. त्यांनी सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या एका अंगणाभोवती ठेवली. अशी तीन अंगणं मिळून एकवीस घरांचं मोठं अंगण. सगळ्यांत लहान भूखंड 45 चौरस मीटरचा आणि मोठा 75 च्या घरात, म्हणजे जास्त कमावणारा आणि कमी कमावणारा यांच्या जागेत फार तफावत नाही. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो पुढचा निर्णय. कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक ठेवली नाही. त्यामुळे पैसे हातात आले की कुणाला न विचारता खोली वाढवता येते, मजला चढवता येतो. बांधकामही असं साधं की गावातल्या गवंड्याला जमावं.

आज तिथे गेलीस तर बरीच घरं ओळखू येणार नाहीत. कुणी पाडून काँक्रीटची बांधली, कुणी अंगणाकडे पाठ फिरवली. काही वास्तुरचनाकारांना त्याचं वाईट वाटतं. मला ती घरं वाढलेली बघून बरं वाटतं, कारण वाढायची सोय मूळ आराखड्यातच होती. पैसे कमी आहेत हे कोरियांनी शेवटी काटछाट करण्यासाठी वापरलं नाही, पहिली रेघ तिथूनच ओढली. तुझ्या कामात मला हेच बघायचं आहे. एका अंगणात बसून सात घरांचा नकाशा काढ, पावलांनी अंतर मोजून. तिथे लोक राहतात, तेव्हा विचारून बस. फोटो काढून परत येऊ नकोस.

बचत गटाच्या मसाल्यांचं पोस्टर तुला मिळालंय आणि पैसे फारच कमी आहेत म्हणून तू नाराज आहेस. त्या पोस्टरवर हे करून बघता येईल. चार रंगांचं चित्र तयार करायचं, मग परवडत नाही म्हणून रंग कमी करत जायचं, असं केलं की काम केविलवाणं दिसतं. सुरुवातच एका रंगाने कर. रंगीत कागद घेतलास तर कागद हाच दुसरा रंग झाला. त्याच शाईचे ठिपके विरळ केलेस की तिसरी छटा मिळते, तिचा वेगळा खर्च नाही. दीडदोनशे प्रतींसाठी स्क्रीन प्रिंटिंग चालेल, तिथे प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन, म्हणजे शाई गाळायची जाळीची चौकट, लागतो आणि पैसे त्यावर ठरतात. आकार 18 बाय 23 इंच धर. छपाईचा 23 बाय 36 चा कागद मधोमध कापला की बरोबर दोन पोस्टर निघतात, वाया काही जात नाही. आणि भाव व तारीख छापू नकोस. त्या जागी मोकळा चौकोन ठेव, बायका मार्करने लिहितील. तेच पोस्टर त्यांना दिवाळीपर्यंत पुरेल. तो चौकोन इतका देखणा कर की हाताने लिहिलेला आकडा त्यात शोभला पाहिजे. खरं डिझाइन तिथेच आहे.

अक्षरांसाठी ‘एक टाइप’ या नावाने फॉन्ट घडवणाऱ्या मुंबईच्या मंडळींचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत, व्यवसायासाठीही वापरता येतात. चोरून उतरवलेले फॉन्ट वापरू नकोस, कुणीतरी वर्षं घालवून ती अक्षरं घडवलेली असतात. कॉलेजच्या संगणकावर इंकस्केप आणि क्रिटा ही चित्र काढायची सॉफ्टवेअर चालतात, तीही फुकट.

पैसे घालायचेच तर ब्रशवर घाल. स्वस्त ब्रशचे केस रंगात सुटतात आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. एक गोल, एक चपटा, दोनच घे पण चांगले घे, आणि धुऊन आडवे वाळव. कागद मात्र महाग घेऊ नकोस, महाग कागदावर हात कचरतो. छापखान्यात कटिंगचे तुकडे पडलेले असतात, तुर्भ्यात ओळख काढून माग, देतात.

महिन्यातून एकदा हार्बरने सीएसएमटीला जा. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत. तिथे बऱ्याचदा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेले असतात. चित्राचा अर्थ विचारू नकोस, अस्तर कशाचं दिलं, पहिला थर कुठला, हे विचार. असल्या प्रश्नांना ते भरभरून बोलतात. घरी असशील तेव्हा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर भारतीय लघुचित्रं बघ. 2017 पासून त्यांनी स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रं सगळ्यांना मोफत वापरायला दिली आहेत. मोठी करून पापणीचा एक केस कसा ओढलाय ते बघता येतं.

पोस्टरची कच्ची रचना पेन्सिलीत तीन-चार प्रकारे कर, तळहाताएवढी, आणि रविवारी घेऊन ये. सोबत छपाईचं दरपत्रक आण. स्क्रीनवाल्याकडे जाण्याआधी आपण दोघी खर्च मांडू. त्यात तुझी मजुरीही धरायची आहे. बचत गटाच्या बायका पापडाच्या एका लाटीचाही हिशेब ठेवतात, तुझ्या कामाचा आकडा त्यांना नीट समजावून सांगितलास तर त्या ऐकून घेतील.

तुझी,
ताई