दहावीला ९७, अकरावीला ४३: मुलीचं बिघडलं कुठे?

"मॅडम, लेकरू दहावीला शाळेत पहिलं आलं. आता टेस्टला चाळीस टक्क्यांवर आलंय. अभ्यासातलं लक्षच उडालं का हो तिचं?" दिवाळीच्या आसपास लातुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचा हा ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर एका मुलीच्या निमित्ताने देते. तिला ऋतुजा म्हणू. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि घरच्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे.

ऋतुजाला दहावीला ९७.४० टक्के. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. निकालानंतर चौकात फ्लेक्स लागला, गावात सत्कार झाला, फेटा बांधून फोटो निघाले. वार्ताहराने पुढे काय होणार म्हणून विचारलं, तर तिने सांगितलं, "डॉक्टर होऊन गावाची सेवा करणार." ते कात्रण वडिलांनी लॅमिनेट करून ठेवलं. जूनमध्ये आई तिच्यासोबत लातूरला खोली करून राहायला आली, वडील गावी एकटे. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या क्लासच्या पहिल्या दोन-तीन टेस्टनंतर तिला खालच्या बॅचमध्ये टाकलं आणि त्यानंतर ती जेवायलाही धड बसेना.

अशा वेळी मी आधी झोप, भूक आणि जिवाचं बरं-वाईट करण्याचे विचार, हे तिन्ही सरळ विचारून घेते. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरतात ही भीती खोटी आहे. ऋतुजाच्या मनात तसं काही नव्हतं. ज्यांच्या घरी असेल त्यांनी वाट पाहत बसू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

मग तिची टेस्ट घेऊन बसलो. ७२० पैकी ३१०. वडिलांनी त्याचे ४३ टक्के काढले होते आणि ते ९७च्या शेजारी ठेवून ते हादरले होते. पण हे दोन आकडे एका मापाचे नाहीतच. दहावीला पाच सर्वोत्तम विषयांच्या ५०० गुणांपैकी १०० शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि उरलेल्या ४०० मध्ये व्यवस्थित उत्तर लिहिणाऱ्याला पायरीपायरीचे गुण मिळतात. नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला चार आणि चुकलं की एक वजा. शिवाय बॅचमधला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या शाळेतला पहिला-दुसरा. कोणीतरी चाळिसावं येणारच, आणि ज्याने आजवर दुसरा नंबरही पाहिला नाही त्याला ते शिक्षेसारखं लागतं. शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलांना न येणाऱ्या गोष्टीपुढे बसून राहायची सवयच नसते. ही सवय आपण मोठी माणसं त्यांना लावत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ऋतुजाने १८०च्या १८० प्रश्न सोडवले होते. ९८ बरोबर, ८२ चूक. एकही का सोडला नाहीस म्हटलं, तर म्हणाली, "प्रश्न सोडायचा नाही असं शाळेत सांगितलंय." मी तिला तोच पेपर पुन्हा दिला आणि प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायला लावली: नक्की येतं, शंका आहे, येत नाही. चुकलेल्या ८२ पैकी ३१ पुढे 'नक्की येतं' होतं, बाकी शंका नाहीतर निव्वळ तुक्का. तुक्क्यांची मला चिंता नव्हती, गुणांच्या हिशोबात त्यांनी फारसं नुकसानही होत नाही. चिंता त्या ३१ची होती, कारण तिथे ती चुकीचं शिकली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. पुढचा महिनाभर तिने दर टेस्टनंतर फक्त तसे प्रश्न वहीत उतरवले आणि सरांना जाऊन विचारले. वर्गात हात वर करून "मला हे कळलं नाही" म्हणणं तिला सगळ्यांत जड गेलं.

अभ्यासाचं एवढ्यावर मार्गी लागलं. पण ती गप्पच होती. म्हणून एका सत्रात दहावीचे गुण बाजूला ठेवून शाळेतलं काय आठवतं ते विचारलं. मला वाटलं गॅदरिंग नाहीतर सहल निघेल. ती विहिरींवर बोलायला लागली. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा. त्यांच्या सरांनी गावातल्या विहिरींची पाण्याची पातळी मोजायला लावली होती. दोरीला दगड, दर हातावर गाठ. दसऱ्याला मोजली, संक्रांतीला मोजली, आलेख कागदावर काढला. एकाच ओढ्याकाठच्या दोन विहिरी, एक मार्चमध्ये आटली आणि दुसरीला पाणी होतं. का, ते तिला आजही शोधायचं होतं. बेसाल्टच्या थरांतल्या भेगांवर पाणी ठरतं, हे सरांनी सांगितलेलं तिने मला नीट समजावून दिलं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा ती लहान होती, पण घागरींची रांग तिला आठवत होती.

मग हळूच म्हणाली, "पण पेपरात डॉक्टर छापून आलंय ना."

सत्काराच्या मांडवात माइक पुढे करून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला 'पुढे काय होणार' विचारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मूल तिथे लोकांना बरं वाटेल तेच बोलणार. पुढे घरचे तो शब्द म्हणून धरतात, आणि पोरगंही स्वतःला त्यात बांधून घेतं.

मी तिला डॉक्टरकीपासून वळवलं नाही. तो माझा अधिकार नाही, आणि तिला जीवशास्त्रही आवडतंच. वडिलांशी मात्र वेगळं बोलले. नीटच्या जोडीला राज्याची सीईटीही देता येते, त्यावर कृषी पदवीचा रस्ता उघडतो, तिथे मृदाशास्त्र आहे. विज्ञान घेऊन बारावी झालेल्याला भूगर्भशास्त्रात बी.एस्सी. करता येतं. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "लोक काय म्हणतील, पहिली आलेली पोरगी दगड-माती शिकायला गेली?" हा प्रश्न त्यांनी मनात न ठेवता बोलून दाखवला, याचा मला आदर वाटला. मी एवढंच सुचवलं की भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात एकदा जाऊन तिथली माणसं काय शिकून आली आहेत ते विचारा. ते गेले. निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवणाऱ्या एका अधिकाऱ्याशी बोलून आले आणि त्या रविवारी फोनवर "किती पडले?" ऐवजी मुलीला त्या नोंदींबद्दल सांगत बसले.

ऋतुजा आता बारावीत आहे. टेस्टचे गुण वाढलेत, कधी घसरतातही. ती नीट देणार आहे, सीईटीही देणार आहे. भूगर्भशास्त्र असलेल्या महाविद्यालयांची फी आणि वसतिगृहाची माहिती वडील काढताहेत. तिच्या मनाचं अजून पक्कं झालेलं नाही. तिच्या आईने मला विचारलं, "मग कधी ठरायचं?" मी म्हटलं, प्रवेशाचे फॉर्म भरायच्या वेळी ठरवू, तोवर तिला दोन्हीकडे बघू द्या.