पावसात गिटारच्या तारा वर उचलल्यात, झणझणही येते. घरीच फ्रेट लेव्हल करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर फोंड्याला, गिटार सॉलिड टॉपची अकूस्टिक, पाच वर्षं वापरातली. जून संपल्यापासून बाराव्या फ्रेटवर जाडी तार साडेतीन मिलिमीटर उंच झाली आहे आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझण येते. व्हिडिओ पाहून कानस मागवायच्या बेतात आहात.

फ्रेट लेव्हल करायला, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या घासून एका उंचीला आणायला, जरूर शिका, घरी जमण्यासारखं काम आहे. पण आत्ता, भर पावसात, कानस लावू नका. घासून गेलेला धातू परत येत नाही, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं फ्रेटची कमी आणि ओलाव्याची जास्त वाटतात.

गिटार साधारण 45 ते 50 टक्के आर्द्रतेच्या कारखान्यात जुळवलेली असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्या खिडकीच्या खोलीत ती 80 च्या वर सहज जाते. लाकूड फुगतं ते मुख्यतः रेषांना आडवं. टॉपच्या, म्हणजे पुढच्या फळीच्या, कडा चिकटवलेल्या, त्यामुळे त्याला बाजूला पसरायला जागा नाही. मग तो पोटासारखा वर येतो आणि तारा जिथे अडकवलेल्या त्या ब्रिजला सोबत उचलतो. म्हणून तारा उंच. त्याच वेळी नेकची पाठ पॉलिशने झाकलेली आणि फिंगरबोर्ड उघडा, म्हणून बहुतेक वेळा फिंगरबोर्ड जास्त पाणी पितो, लांबतो आणि नेकला मागे ढकलतो. नेकला तारांखाली जी किंचित खोली, म्हणजे खोलगट बाक, हवी असते ती जाते आणि पहिल्या फ्रेटांवर तार घासायला लागते. वर उंच आणि खाली झणझण, ही दोन उलटी वाटणारी लक्षणं एकाच वेळी दिसतात ती यामुळे. आज तुम्ही ते फ्रेट घासले, की जानेवारीत नेक मूळ जागी आल्यावर तेच फ्रेट बुटके ठरतील.

घुमट या मातीच्या वाद्याचं चामडं पावसात ढिलं पडलं तर वाजवणारा ते शेकून ताणून घेतो, नव्याने मढवायला बसत नाही. गिटारचंही तसंच, आधी ओलावा काढा. फक्त शेकू मात्र नका. ऊन, बल्ब, बंद गाडी यांनी ब्रिजचा सरस सुटतो. हार्ड केसमध्ये 300 ग्रॅमच्या आसपास सिलिका जेल कापडी पिशवीत घालून ठेवा, सोबत छोटा हायग्रोमीटर. तारा नेहमीच्या सुरात ताणलेल्याच असू द्यात. जेलचा रंग बदलला की ते भाजून कोरडं करा, थंड होऊ द्या आणि परत आत टाका. काटा 45 ते 55 मध्ये स्थिरावला की तिथून दोन-तीन आठवडे मोजा. 40 च्या खाली नेऊ नका, टॉपला चीर जाते. एवढा खटाटोप नको असेल तर दिवाळी होऊन महिना जाऊ द्या आणि मग मापं घ्या.

मापं घ्यायला फिलर गेज लागतो. म्हापसा असो की मडगाव, दुचाकीचे स्पेअर पार्ट विकणाऱ्याकडे मिळतो, टॅपेटची फट मोजायचा तोच. गिटार सुरात लावा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, चौदाव्या फ्रेटवर जाडी तार दाबा आणि सातव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांमधली फट बघा. 0.15 ते 0.25 मिलिमीटर हवी. गेज नसेल तर 10 च्या सेटमधली जुनी पहिली तार 0.25 ची असते, तिचा तुकडा सरकवून बघा. फट नसेलच तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, सैल करा, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट. फट जास्त असेल तर काट्याच्या दिशेने आवळा. एका वेळी पाव फेरा, मग सूर परत लावून पुन्हा माप. ॲलन की ट्रस रॉडच्या नटमध्ये पूर्ण आत बसली आहे ना ते आधी पाहा, अर्धवट बसलेली की आतली षटकोनी खाच खाऊन टाकते. नट आवळला जात नसेल तर जोर न लावता थांबा, ट्रस रॉड तुटला तर नवा फ्रेट-सेट बसवण्यापेक्षा मोठं काम निघतं. आणि एक गैरसमज आधीच दूर करतो: तारांची उंची कमी करायला ट्रस रॉड नसतो. त्याचं काम नेकची खोली ठरवणं, एवढंच.

एवढं केल्यावरही झणझण उरली तर आता ती कुठून येते ते ऐका. फक्त उघड्या तारेवर आली तर फ्रेटचा संबंध नाही, नट बघा, म्हणजे नेकच्या डोक्याकडची, तारांच्या खाचा असलेली पट्टी. त्यातही आवाज सतारीसारखा झंकारत असेल तर नटच्या खाचेचा तळ सपाट किंवा उलट्या उताराचा झालाय. सतारीच्या घोडीवर जवारी मुद्दाम काढतात, तार तिथे लांबवर टेकत-उठत राहते. नटमध्ये नकळत तीच जवारी निघालेली असते. पाचव्या फ्रेटवर दाबल्यावर झणझणते आणि सहाव्यावर स्वच्छ वाजते, तर सहावा फ्रेट उंच किंवा पाचवा झिजलेला. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळीकडे येते, तर अजून नेकचीच गडबड. आणि फक्त बाराव्याच्या पुढे येते, तर नेक जिथे बॉडीला मिळते तिथे उंचवटा आलाय. हा उंचवटा आपल्या हवेत नेहमी सापडतो.

उंच फ्रेट शोधायला महागडा फ्रेट रॉकर नको. 30 सेंटीमीटरची स्टीलची पट्टी कापून 75, 60 आणि 45 मिलिमीटरचे तीन तुकडे करा, कापलेल्या कडांची खरखर घालवा. 650 मिलिमीटर स्केलच्या गिटारवर 75 चा तुकडा पहिल्या सात फ्रेटांत, 60 चा सहा ते अकरामध्ये आणि 45 चा दहा ते सोळामध्ये बरोबर तीनच फ्रेटांवर टेकतो. पट्टी उभी धरून तीन फ्रेटांवर ठेवा आणि दोन टोकं आळीपाळीने दाबा. टिकटिक डुलली तर मधला फ्रेट उंच. प्रत्येक तारेखाली हे करून पाहा आणि जिथे डुलते तिथे मार्करने ठिपका द्या.

ठिपका दिलेला फ्रेट लगेच घासायचा नाही. आधी नखाने त्याची टोकं वर उचलून पाहा. आपल्या दमट हवेत फ्रेट खाचेतून किंचित वर आलेला असणं अगदी सर्रास दिसतं, आणि असा फ्रेट घासला तर पुढे तो कधी खाली बसला की खड्डा तयार. नेकच्या खाली तांदळाची पिशवी घट्ट टेकवून प्लास्टिक तोंडाच्या हातोडीने त्याला हलके ठोके द्या. तरीही वर येत असेल तर दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून कडेला फेव्हिक्विकचा एक थेंब सोडा, तो आपोआप आत ओढला जातो. लाकडी ठोकळ्याने दाबून पाच मिनिटं धरा. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. बऱ्याच गिटारींचं काम इथेच संपतं.

तरीही तीन-चार ठिकाणी पट्टी डुलते किंवा पहिल्या तीन फ्रेटांवर तारांनी खोल घळ्या पाडल्यात, तर मग लेव्हलिंग. आधी व्हर्नियरने फ्रेटची उंची मोजा. नवा मध्यम फ्रेट 1.1 ते 1.2 मिलिमीटरचा असतो. घासल्यावर 0.8 च्या खाली जाणार असेल तर ते फ्रेट बदलायचे, घासायचे नाहीत. घळी 0.2 खोल असेल तर सगळेच फ्रेट 0.2 ने खाली येणार, हा हिशोब आधीच करा.

बीमसाठी, म्हणजे ज्याने सगळे फ्रेट एकत्र घासायचे त्या सरळ दांड्यासाठी, स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून 25 मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या चौकोनी ट्यूबचा 40 सेंटीमीटरचा तुकडा घ्या. तो सरळ असेल असं गृहीत धरू नका. जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवा, ट्यूबच्या एका बाजूवर मार्करने आडव्या रेघा ओढा आणि काचेवर घासा. सगळ्या रेघा सारख्या पुसेपर्यंत घासत राहिलात की ती बाजू सपाट झाली. वाकड्या बीमने केलेलं काम पहिल्यापेक्षा वाईट होतं, म्हणून इथे तास गेला तरी जाऊ द्या. मग त्या बाजूला डबल टेपने 400 नंबरचा वॉटर पेपर लावा. नाव वॉटर पेपर असलं तरी गिटारवर तो कोरडाच वापरायचा.

तारा काढा. तारांचा ताण गेला की नेक मागे झुकते, म्हणून ट्रस रॉड सैल करून ती अगदी सरळ करा. लांब पट्टी फ्रेटांवर ठेवून खाली प्रकाश कुठे दिसतो ते पाहा. फिंगरबोर्डचं दिसणारं सगळं लाकूड मास्किंग टेपने झाका, साउंडहोल पुठ्ठ्याने बंद करा. मग प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्कर फिरवा.

आता बीम तारांच्या दिशेने पुढे-मागे चालवा. दाबायचा नाही, त्याचं वजन पुरतं. फिंगरबोर्डला गोलाई असते, म्हणून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत प्रत्येक तारेच्या वाटेने सारखेच फेरे द्या आणि बीम आडवा डोलू देऊ नका. आठ-दहा फेऱ्यांनी थांबून बघा: उंच फ्रेटांवर चकचकीत पट्टा दिसेल, बुटक्यांवर शाई तशीच. प्रत्येक फ्रेटवर या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक का होईना, पण सलग चकाकी आली की तिथेच थांबा. त्यापुढचा प्रत्येक फेरा फ्रेटचं आयुष्य कमी करतो. शेवटी बाराव्या फ्रेटवर मास्किंग टेपचे दोन थर लावून बीमचं एक टोक त्यावर टेकवा आणि त्याच्या पुढचे फ्रेट थोडे जास्त उतरवा. पुढच्या पावसात नेक-बॉडीच्या सांध्यावर उंचवटा आला तरी तार तिथे अडणार नाही.

आता फ्रेटांचे माथे सपाट झालेत. असेच ठेवलेत तर तार माथ्याच्या मध्याऐवजी पुढच्या धारेवरून सुटते, स्वर चढा लागतो आणि चिरकतो. म्हणून पुन्हा गोलाई द्यायची. सहा इंची तिकोनी कानस घ्या, तिचे तीनही कोपरे ग्राइंडरवर गुळगुळीत करून घ्या, नाहीतर लाकडावर ओरखडे येतात. माथ्यावर परत मार्कर फिरवा आणि फ्रेटच्या एका उतारावरून, मग दुसऱ्या उतारावरून कानस चालवा. काळा पट्टा दोन्हीकडून अरुंद होत जातो. मध्ये अर्ध्या मिलिमीटरची काळी रेघ उरली की तो फ्रेट झाला. रेघ कुठे तुटली तर तिथे फ्रेट खाली गेला, आणि लेव्हलिंग पहिल्यापासून. सगळ्यात जास्त धीर इथे लागतो. पहिल्यांदा करताना एका फ्रेटला दहा मिनिटं लागली तरी चालेल.

पॉलिश सोपं आहे: 600, 800, 1000, 1500, 2000 असे पेपर बोटाभोवती गुंडाळून, शेवटी थोडं ब्रासो. प्रत्येक पेपरने आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. धातूची धूळ बारीक असते, मास्क लावा. पिकअपवाली गिटार असेल तर स्टील वूल टाळाच, तुकडे चुंबकाला चिकटतात.

नव्या तारा चढवा, नेकची खोली वर सांगितल्याप्रमाणे परत लावा, मग नट. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बोटाने टिचकी द्या. टिक असा बारीक आवाज आला पाहिजे, म्हणजे फट केसाएवढी आहे. जास्त असेल तर खाच खोल करा. नटच्या खास कानशी महाग पडतात. गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या गोल तारांचा सेट हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, त्यातली तारेपेक्षा जराशी जाड निवडा. उतार हेडस्टॉककडे ठेवा आणि चार घासांनंतर दर वेळी माप घ्या. खाच जास्त खोल गेली तर खाण्याचा सोडा भरून फेव्हिक्विकचा थेंब टाका, लगेच दगडासारखा होतो, मग पुन्हा कापा.

शेवटी सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी. बाराव्या फ्रेटवर जाडी तार 2.3 ते 2.5 आणि बारीक तार 1.7 मिलिमीटर असावी. बाराव्यावर जेवढं उतरवायचं त्याच्या दुप्पट सॅडलखालून घासायचं: अर्धा मिलिमीटर हवा तर एक मिलिमीटर. तळ काचेवरच्या पेपरवर घासा म्हणजे सपाट राहील, खाली पिकअप असेल तर हे फारच महत्त्वाचं. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडलवर तार टेकते ती धार मागे न्या, उतरला असेल तर पुढे. हे नव्या तारांवरच करा, समुद्राच्या हवेत गंजलेली तार बाराव्यावर खोटं बोलते.

मात्र हे सगळं मूळच्या सॅडलवर करू नका, ते घासूच नका. त्याच मापाची हाडाची दोन कोरी सॅडल आणा. एक हिवाळ्यातल्या मापाला बसवा, दुसरं जूनमध्ये टॉप फुगल्यावर त्या वेळच्या मापाला, आणि तळाला पेन्सिलीने कुठलं कधीचं ते लिहा. तारा सैल करून बदलायला वीस मिनिटं लागतात.