कोल्हापूर-पन्हाळा रोजच्या ये-जा साठी प्लग-इन हायब्रिड (प्लग लावून चार्ज होणारी, वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी गाडी) मोठी घ्यावी की छोटी? मोठीत बॅटरी मोठी, म्हणजे विजेवर जास्त पळेल ना?

छोटीच बघा, बॅटरी मोठी म्हणजे अंतर जास्त, असं नेहमीच होत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) चाचणीचे आकडे घ्या: २०२३च्या टोयोटा प्रायस प्राइमची बॅटरी १३.६ किलोवॉट-तासांची, तरी एसई प्रकारात विजेवर सुमारे ७० किमी. टोयोटाचीच रॅव्ह-फोर प्राइम अंगाने मोठी, बॅटरी १८.१ ची, आणि अंतर ६७-६८ किमी. जादाची वीज उंच, जड गाडी ओढण्यातच जाते. तुमची फेरी चाळीसेक किमीची, म्हणजे दोन्हींत बसते. फक्त वाघबिळाच्या पुढे चढ लागला की आकडा घसरणार; उतरताना थोडी वीज परत येते, सगळी नाही. आणि हो, इनोव्हा हायक्रॉस यात धरू नका, ती हायब्रिड आहे पण तिला प्लगच नाही.