बंडखोरांची ‘कारवाई’ की ‘मोहीम’?

श्रीलंकेतल्या यादवीवरचा लेख मराठीत आणताना पुण्याच्या एका वाचक ताईंना प्रश्न पडला: सरकारी नसलेल्या सशस्त्र गटाने महिनोन्‌महिने आखून केलेल्या हल्ल्याला ‘विशेष कारवाई’ म्हणावं, की आपला ‘गनिमी कावा’ चालेल?

ताई, ‘कारवाई’ मला इथे खटकते. अतिक्रमणावर पालिकेची कारवाई, विनाहेल्मेट स्वारांवर वाहतूक पोलिसांची कारवाई, असं आपण रोज ऐकतो. करणाऱ्याला तसा अधिकार आहे, हे त्या शब्दात आधीच मानलेलं असतं. बंडखोरांच्या पत्रकातून उतरवून घेत असाल तर अवतरणात ठेवा. लेखाच्या स्वतःच्या वाक्यात नको.

‘गनिमी कावा’ माझा लाडका शब्द. गनीम म्हणजे शत्रू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत आणि वैऱ्याने ठेवलेलं ते नाव आपण मानाने मिरवलं! कावा म्हणजे मुळात घोडा गोल फिरवणं. त्यावरून हुलकावणी, डावपेच. म्हणजे ही लढण्याची रीत आहे, एखाद्या रात्रीच्या घटनेचं नाव नव्हे. एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर घातला तो छापा. गनिमी कावा ही त्यामागची पद्धत. ‘छापा’ तुम्हालाही नेमका बसला असता, पण आता छापा म्हटलं की आयकर खातंच डोळ्यांपुढे येतं.

म्हणून मी ‘मोहीम’ सुचवेन. पानिपतची मोहीम असते, पोलिओ लसीकरणाचीही असते. ती कोणी काढली यावर शब्द अडत नाही. २२ ऑक्टोबर २००७ च्या पहाटे श्रीलंकेतल्या तमिळ वाघ (एलटीटीई) या बंडखोर संघटनेच्या ‘काळे वाघ’ या आत्मघाती पथकातले २१ जण अनुराधापुराच्या हवाई तळात घुसले, आणि त्यांच्याच संघटनेच्या हलक्या विमानांनी वरून बॉम्ब टाकले. आखणी, सराव, आत शिरणं, विमानांची साथ, हे सगळं मिळून मोहीम. त्या पहाटे तळावर जे घडलं, तो हल्ला.

माणूस मारला गेला असेल तिथे मात्र जास्त जपा. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. इंग्रजांच्या न्यायालयात तो खून होता, पुण्यात आजही ‘रँडचा वध’ म्हणतात. वध म्हणताच मारला गेलेला त्याच लायकीचा ठरतो. दूरच्या देशातल्या युद्धावर लिहिताना ‘हत्या’ किंवा सरळ ‘ठार मारलं’ लिहावं.

राहिला ‘विशेष’. सैन्याच्या भाषेत त्याचा रोख निवडून, वेगळं शिक्षण देऊन तयार केलेल्या छोट्या तुकडीवर असतो. मराठी वाचकाला मात्र ‘विशेष गाडी’, ‘विशेष सभा’ आठवते. त्यापेक्षा ‘निवडक तुकडीची मोहीम’ लिहा. ‘कमांडो मोहीम’सुद्धा चालेल. कमांडो हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांच्या घोडेस्वार टोळ्यांचा. ब्रिटिशांनी तो १९४० मध्ये आपल्या पथकांना दिला. त्यामुळे बंडखोरांच्या तुकडीला तो वापरताना बिचकू नका.