नव्या गाडीची पुढची चाकं गरम होतात, हे नॉर्मल आहे का?

तुम्ही विचारलंय की नवी हॅचबॅक घेतली, खानापूरहून बेळगावला येऊन गाडी लावली की पुढची दोन्ही चाकं गरम लागतात, मागची तेवढी नाहीत, तर शोरूमला न्यावी का? दोन्ही सारखीच गरम असतील तर नेऊ नका. ब्रेक आपलं काम करतायत.

मी बेळगावात गाड्या दुरुस्तीच्याच धंद्यात आहे. हा प्रश्न फक्त नवी गाडीवाले आणतात, कारण पहिला महिनाभर माणूस येता-जाता गाडीला हात लावून बघतो. चाकं नंतरही तेवढीच तापतात, पण तेव्हा हात कोण लावतंय!

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्या चाकांवरच पडतं. आणि थांबवणं म्हणजे वेगाची उष्णता करणं. हजार किलोची गाडी ताशी 60 वरून पूर्ण थांबवली तर साधारण 139 किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात चहाच्या चार छोट्या कपांचं आधण येईल. मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग करत शहरात शिरेपर्यंत तुम्ही कितीदा ब्रेक मारता ते मोजा, मग चाक गरम का लागतं ते कळेल.

ब्रेक फारसा न मारताही थोडी ऊब राहते, त्यालाही कारण आहे. पुढे डिस्क असते, म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती. कॅलिपर नावाच्या चिमट्यातला पिस्टन पॅड तिच्यावर दाबतो, की गाडी थांबते. ब्रेक सोडला की कॅलिपरमधला पिस्टन मागे ओढायला तिथे स्प्रिंग नसते, पिस्टनभोवतीचं रबरी सील ताणलेलं असतं तेच त्याला केसभर मागे घेतं. त्यामुळे पॅड डिस्कला किंचित घासत राहतो, आणि ते तसंच बनवलेलं असतं. तुमच्यासारख्या गाडीला मागे बहुधा ड्रम असतो, म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा, त्याला आतून लायनर घासतात. त्यात लायनर आत ओढायला स्प्रिंगा असतात, शिवाय उष्णता ड्रमच्या आत राहते, म्हणून बाहेरून चाक थंड वाटतं. नव्या गाडीत पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला पहिले काहीशे किलोमीटर जातात. तेवढ्यात थोडा वास आला तरी घाबरू नका.

म्हणून पुढचं-मागचं ताडून बघू नका, डावं-उजवं बघा. सपाट मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक जवळपास न मारता वेग आपोआप उतरू द्या आणि उतरून दोन्ही चाकांजवळ हात न्या. रिमजवळच, डिस्कला बोट लावायचं नाही, कातडी जाईल. एकच बाजू चटका देत असेल, गाडी त्या बाजूला ओढत असेल, किंवा हलक्या उतारावर न्यूट्रलला सोडली तरी अडखळत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. मग मात्र त्याच दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. वॉरंटी असताना बाहेर कॅलिपर उघडून घेऊ नका, आमच्याकडेसुद्धा. वेग वाढेल तसा घोंघों आवाज वाढत असेल तर चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग बघायला सांगा. टायरच जास्त गरम असेल, चाक नाही, तर हवा कमी असू शकते. गाडी थंड असताना तपासा.

हँडब्रेक राहून गेला असेल अशी शंका काहींना येते. बहुतेक छोट्या गाड्यांत तो मागच्या चाकांना असतो, तेव्हा पुढची चाकं गरम असली तर तो बिचारा सुटला.

जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा असेल तर आणखी एक हिशोब. हजार किलोची गाडी शंभर मीटर खाली आली की 60 वरून सात वेळा थांबण्याइतकी उष्णता होते, आणि तो घाट शंभर मीटरचा नव्हे. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर उतरवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल खाली जातं, धरत नाही. खाली पोहोचल्यावर चाकं खूप तापलेली दिसली तर थोडा वेळ उभी ठेवा, पण गार पाणी ओतू नका, डिस्क वाकते.