गणित सोडण्याचा अर्ज देऊ नका

आपले पत्र दोनदा वाचले. अकरावीतील मुलीला दीर्घायुष्याशी निगडित जनुकांवर संशोधन करायचे आहे. त्यासाठी डॉक्टरच व्हावे लागते अशी आपली समजूत आहे, आणि नीटच्या अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून तिला गणित सोडायला लावण्याचे आपण ठरवले आहे. गणितात तिला दहावीला ९४ गुण होते, हे आपण एकदाच आणि ओझरते लिहिता. 'आम्ही ठरवले आहे' हे मात्र चार वेळा येते. गणित सोडण्याविषयी तिला काय वाटते, यावर पत्रात एकही वाक्य नाही. मला काळजी वाटते ती याची, नीटची नव्हे.

जनुकांचे काम म्हणजे जीवशास्त्र, त्यात गणित कशाला, हा आपला गैरसमज तिचे खरोखर नुकसान करील. दीर्घायुष्याशी निगडित जनुके प्रामुख्याने आकडेवारीतून शोधली जातात. जनुकसंचातील दहा लाख ठिकाणे एकेक करून तपासली आणि नेहमीची पाच टक्क्यांची कसोटी लावली (म्हणजे योगायोगाने फसण्याची पाच टक्के शक्यता चालवून घेतली), तर निव्वळ योगायोगाने सुमारे ५० हजार ठिकाणे 'सापडतात'. म्हणून येथे कसोटी दोन कोटींत एक इतकी कडक ठेवतात. शिवाय अभ्यासातील बहुतेक माणसे हयात असल्याने त्यांचे आयुर्मान ठाऊक नसते. ब्रिटनच्या यूके बायोबँक या जनुकीय व आरोग्यविषयक माहितीच्या संग्रहातील सुमारे पाच लाख लोकांच्या बाबतीत संशोधकांनी त्यांच्या आईवडिलांचे आयुष्य मोजून यातून वाट काढली, ही मला फार सुंदर युक्ती वाटते. शंभरी गाठलेल्यांवरील एक गाजलेला शोधनिबंध २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात आला आणि २०११ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण काही नमुने जनुके वाचणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या चिपवर तपासले गेले होते आणि त्या चिपमधील दोष जनुकांतला फरक म्हणून मोजला गेला होता. अशी चूक पकडायला संख्याशास्त्राची जाण लागते, आणि ती डॉक्टरलाही वेगळी शिकावीच लागते.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची (आयएसआय) बी.स्टॅट. ही संख्याशास्त्राची पदवी किंवा संख्याशास्त्रातील बी.एस्सी. आणि नंतर एम.एस्सी., हे सरळ मार्ग आहेत, बी.स्टॅट.ला बारावीला गणित असावेच लागते.

तिला स्वतःलाच डॉक्टर व्हायचे असेल, तर गणित ठेवूनही नीट देता येते. महाविद्यालयात अर्ज अजून दिला नसेल तर कृपया थांबा, आणि पुढचे पत्र तिला लिहू द्या. ते पाठवण्यापूर्वी आपण वाचू नये, एवढी माझी विनंती आहे.